गिरणी थांबते तिथं

गोडोली, सातारा
९ जानेवारी २०२४

प्रिय शमशेर,

सलाम. मेहरुनवहिनींना नमस्कार सांग. फोनवर तू "व्हय, बरं, ठेवू का" याच्या पुढं जात नाहीस, म्हणून आपलं जुनं टपालखातंच बरं. सैन्यात असताना तुझ्या पत्रांवर महिने काढलेत मी. सवय मोडवत नाही.

एक खटला तुझ्यापुढं मांडायचा आहे. न्याय तू करायचास, कारण तुझ्या कानावर माझा अजून भरवसा आहे.

राजेश्वरी गेल्याला दोन वर्षं होतील. जयराज कुवेतला असतो, शुक्रवारी त्याचा फोन येतो. घरात मी आणि सूनबाई. पूजा हायस्कुलात विज्ञान शिकवते, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन येते आणि तपासत बसते. मग मी काय करायचं? अजिंक्यताऱ्याकडं बघत किती बसणार? म्हणून दिवाळीत हौस केली. पुण्याहून चांगलं मशीन आणि दोन स्पीकर आणले. आणि गेल्या आठवड्यात त्यांना जोडायला वायर.

ती वायर बघशील तर हसशील. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं कापड, भिंतीकडेला धामण पडल्यासारखी दिसते. आत म्हणे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे, बासष्ट हजार. शिव्या पत्राच्या शेवटी घाल, आधी ऐकून घे. दुकानदार म्हणाला, "काका, या स्पीकरना साधी वायर म्हणजे पैठणीला सुतळीचा काठ." तिच्यावर बाण छापलेत. आवाज म्हणे बाणाच्या दिशेनंच सोडायचा. शिवाय शंभर तास वाजवून ती मुरू द्यायची, मग खुलते. मी सिग्नल्सचा सुभेदार, उभं आयुष्य तारा ओढण्यात गेलं. ते बाण बघून मलाही कसंतरीच झालं. पण घेतली.

पूजा म्हणाली, "बाबा, वायर आहे का लोणचं?" पाच-सहा दिवस झाले, आमचा रोज वाद. ती म्हणते इलेक्ट्रिकच्या दुकानातली चाळीस रुपये मीटरची वायर आणि ही, दोन्ही सारख्याच वाजणार.

पण गड्या, फरक आहे. राजेश्वरीची कॅसेट आठवते ना तुला? ब्याण्णव साली तुझ्याच लाऊडस्पीकरच्या दुकानात भरलेली? मी लेहच्या पुढं बर्फात होतो. पंधरा वर्षं पुरी होत आली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं की नोकरी वाढवायची, हा विचार चालला होता. तेव्हा तिनं त्या कॅसेटमध्ये सांगितलं होतं, "आमची काळजी करू नका. तुमी पुरी नोकरी करा, वर चढा." अख्ख्या पोस्टला मी ते ऐकवलं. आमचे साहेब म्हणाले, "बीवी हो तो ऐसी." त्या एका वाक्यावर मी आणखी अकरा वर्षं काढली आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. निरोपाच्या दिवशी भाषणातही हेच सांगितलं होतं.

पूजानं ती कॅसेट मागं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली आहे. परवा नव्या वायरवर लावली. आणि तिच्या बोलण्यामागं मला तुझ्या दुकानाशेजारची पिठाची गिरणी ऐकू आली! धडधड, आणि पट्ट्याचा तो फटकारा. बत्तीस वर्षांत कधी ऐकू आली नव्हती. तिच्या बांगड्या ऐकू आल्या, खुर्चीची करकर ऐकू आली. मध्येच एक बारीक 'टक्' होतं, आणि गिरणी एकदम थांबते. मग तिचं ते वाक्य.

आता सांग, ही वायरची करामत नाही तर काय? निकाल लवकर कळव. सूनबाईंना दाखवायचा आहे.

तुझा,
धैर्या


इस्लामपूर
२१ जानेवारी २०२४

प्रिय मित्र धैर्यशील यास शमशेरचा सलाम,

पत्र मिळालं. बासष्ट हजार वाचलं आन् मेहरुनला म्हटलं चष्मा पुसून दे, एक शून्य जादा दिसतंय. तिनं पुसून दिला. शून्य गेलं न्हाई.

धैर्या, आवाज काय एसटी हाय का, बाण बघून जायला? तू सिग्नलवाला आसून त्या दुकानदारानं तुला मामा केला. माझा पोरगा शोएब आता डीजे लावतो. त्याला इचारलं तर म्हणला, "अब्बा, आसल्या वायरी घेणारं गिऱ्हाईक मला कवा मिळंल?"

तू शहात्तर सालचं जतचं लगीन इसरलास का? तू भरती व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातलं. मळ्यात मांडव, मशीन बॅटरीवर, आन् कर्णा लावायचा व्हता पार त्या टेकाडावरच्या बाभळीवर, कारण नवरीच्या बापाला तिन्ही वाड्यांवर आवाज जायला पायजे व्हता. वायर चाळीस फूट कमी पडली. मी कपाळाला हात लावून बसलो. तू गेलास आन् मळ्याच्या काटेरी कुंपणाची वरची एक तार आन् खालची एक तार धरून जोडलीस. वायर, मग कुंपण, मग पुन्हा वायर. आन् वाजलं की रं! मेंढरं उधळली. नवरीची आजी कानडी बोलणारी, ती कर्ण्याकडं हात करून "छलो, छलो", म्हंजे लय झ्याक, म्हणत व्हती. त्या गाण्यात कुणाला कुंपण ऐकू आलं का? तुझ्या हाताला मात्र काटे लागले व्हते, आन् वरातीत मी तुझ्या बोटाला हळद बांधली व्हती. ते दिवस आठवले की ह्या वयात बी हसू येतं. आपल्याकडं दोन कर्णे, एक मशीन आन् एक सायकल. त्यावर राज्य केलं.

तर निकाल लिहून घे. वायर पातळ आन् लांब आसली की आवाज खातीय. जाड आन् जवळ आसली की काय खात न्हाई. तुझ्या खोलीत तीन मीटरचा मामला. तितं चाळीस रुपयांची वायर लय झाली. सूनबाई बरोबर हाय. तुझी वायर वाईट न्हाई, फक्त म्हाग हाय.

गिरणीचं म्हणशील तर लाईट गेली आसंल. त्या टायमाला दिवसातनं चारदा जायची. माझं मशीन सेलवर चालत आसंल, म्हणून बोलणं ऱ्हायलं. त्यात काय न्हाई. ती कॅसेट सारखी लावू नको. जुनी फीत झिजती. वहिनीच्या आवाजाची तेवढीच खूण हाय तुझ्याजवळ.

गुडघे कसे हायत? मेहरुन सलाम सांगती.

तुझा,
शमशेर


गोडोली, सातारा
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय शमशेर,

जतचं लग्न विसरेन कसा? उजव्या हाताच्या बोटावर तो व्रण अजून आहे. पूजाला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही स्वतः कुंपणावर गाणी वाजवलीत आणि आता बाणाची वायर आणता?" वकील तिच्या बाजूचा निघालास तू.

पण तुझ्या निकालावर मी अपील केलं. मी म्हणालो, ऐकणारा मी, कान माझे. ती म्हणाली, "मग परीक्षा द्या." शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं मशीनपुढं चादर टांगली. मी खुर्चीत, ती चादरीआड. दर वेळी नाणं उडवायची, छापा पडला तर महाग वायर जोडायची, काटा पडला तर चाळीस रुपयांची. मग कॅसेटमधलं तेच एक मिनिट लावायची. कुठली वायर, ते मी कागदावर लिहायचं. असं वीस वेळा. दोन तास गेले. मधे चहा झाला. मला दर वेळी अगदी खात्री वाटायची बघ. "ही तीच, आवाज कसा मोकळा येतोय!" असं म्हणून लिहायचो.

वीसपैकी नऊ बरोबर आले.

डोळे झाकून काहीही लिहिलं असतं तरी दहा आले असते. पूजा हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला जे ऐकू आलं ते खोटं नव्हतं. फक्त ते वायरनं आलं नव्हतं." आता धामण काढून गुंडाळून ठेवली आहे आणि साधी वायर लावली आहे.

खटला तिथं संपला. पण मला दुसरंच लागून राहिलंय. गिरणी वीसही वेळा वाजली. साध्या वायरवरही. म्हणजे ती बत्तीस वर्षं त्या कॅसेटमध्ये वाजतच होती. मग मला कधी ऐकू का आली नाही?

विचार केला तेव्हा कळलं. मी ती कॅसेट कधी ऐकलीच नव्हती. मी त्या एका वाक्याची वाट बघत बसायचो. "तुमी पुरी नोकरी करा" आलं की मान डोलवायचो आणि बंद करायचो. आता एवढे पैसे घातले म्हणून पहिल्यांदा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, पहिल्या अक्षरापासून ऐकलं.

आणि ऐकल्यावर काही गोष्टी जुळेनात. तू म्हणतोस लाईट गेली. पण विजेवर चालणाऱ्या मशीनची एक बारीक गुणगुण असते, ती मला झोपेतही ओळखू येते. ती 'टक्'च्या आधी आहे आणि नंतरही आहे. लाईट गेली असती तर गिरणीबरोबर तीही गेली असती. तू सेलवर नव्हतास. आणि आधी तिचा आवाज मोकळा आहे. शेजारणीच्या म्हशीचं सांगते, जयराजच्या शाळेचं सांगते. "टक्" झाल्यावर तो आवाज पडसं झाल्यासारखा, नाक बंद, अडखळत. आणि तू मला फीत झिजेल म्हणून लावू नको म्हणालास. मी तर आधीच लिहिलं होतं की ती कॉम्प्युटरवर आहे. तू पत्र नीट वाचतोस. हे तुझ्या नजरेतून सुटलं नसणार.

शमशेर, तिथं काय झालं होतं?

तुझा,
धैर्यशील


गोडोली, सातारा
९ मार्च २०२४

शमशेर,

महिना झाला, उत्तर नाही. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, नमाजाला गेलेत. तीन वेळा तूच घरात नव्हतास. तब्येत बरी आहे ना, एवढं तरी कळव. रमजान जवळ आला. रोज्यात औषधं वेळेवर घे.

धैर्या


इस्लामपूर
२० मार्च २०२४

धैर्या,

तब्येत बरी हाय. मी मुद्दाम फोनवर आलो न्हाई. मेहरुनला सांगून ठेवलं व्हतं, मी घरात न्हाई म्हणून सांग म्हणून. ती तीनदा खोटं बोलली. रोजे चालू झाल्यावर म्हणली, "आता माझ्याच्यानं हुणार न्हाई. रोजा धरून मी खोटं बोलणार न्हाई, आन् तुमी बी बोलू नका. बत्तीस वर्सं झाली, लय झालं." म्हणून लिहायला बसलोय. दोन कागद फाडले, हा तिसरा.

त्या टायमाला लय बाया यायच्या माझ्याकडं कॅसेट भरायला. कुणाचा नवरा सैन्यात, कुणाचा सोनं गाळायच्या दुकानात लांब मुलखात. लिहिता न येणाऱ्या यायच्याच, लिहिता येणाऱ्या बी यायच्या, कारण कागदावर आवाज जात न्हाई. मागच्या खोलीत माईक ठेवलेला. मी हेडफोन कानाला लावून बाहेर बसायचो, आन् बाई मानूस एकटं नको म्हणून मेहरुन तिच्याजवळ बसायची.

वहिनी तुमच्या गावाहनं, नेर्ल्याहनं आली व्हती. रविवार व्हता, गिरणीला गर्दी. म्हशीचं बोलली, जयराजचं बोलली, तुझ्या आईच्या दम्याचं बोलली. हसत व्हती. मग गप झाली. मला वाटलं संपलं, मशीन बंद करायला हात पुढं केला, तवर ती बोलाय लागली. तिचे शब्द मला पाठ हायत, धैर्या. एक बी इकडचा तिकडं करत न्हाई.

"आवं, पंधरा वर्सं झाली. पेन्शन बसतीय न्हवं? मग या आता. पोरगं मला इचारतंय, बाबा फोटूतनं खाली कवा उतरत्यात. मी काय सांगू? मी लय दमलीया. सगळ्यांफुडं हसती आन् न्हाणीत जाऊन रडती. मला तुमची खांद्यावरची फीत नगं, बिल्ला नगं. तुमी या. अर्धी भाकरी खाऊ. पर तुमी या."

एवढं बोलली आन् तोंडात पदर कोंबून रडली. मेहरुन बी रडली. मी माईक बंद केला. चहा सांगितला. डोळं पुसून ती गेली. म्हणली, "भाऊ, उद्याच्या टपालात टाका."

मी टाकणार व्हतो. पर दुसऱ्या दिवशी सकाळी पैल्या गाडीनं ती पुन्हा दारात. रात्रभर झोपली नव्हती, डोळं सुजलेलं, नाक बंद. म्हणली, "भाऊ, कालचं शेवटचं पुसा. त्ये तिकडं कड्याच्या टोकावर हुबं. ह्ये ऐकलं आन् चित्त थाऱ्यावर ऱ्हायलं न्हाई, पाय सटकला, तर? मला त्ये पाप नगं." मी म्हटलं वहिनी, राहू द्या, नवऱ्याला कळाय पायजे. ती ऐकंना. मी फीत मागं घेतली. जितं ती गप झाली व्हती तितं लावली, आन् त्याच्यावरच नवं भरलं. "आमची काळजी करू नका" ते. सोमवार व्हता, गिरणीला सुट्टी. ती 'टक्' माझ्याच बोटाची हाय.

तिनं आमा दोघांकडनं शबूद घेतला की तुला कवाच सांगायचं न्हाई. आमी पाळला. तू पोस्टवर सगळ्यांना ऐकवलीस ते पत्रात लिहिलंस, तवा मी ते पत्र घेऊन गिरणीच्या ओट्यावर बसलो व्हतो. सुट्टीवर आलास की तू प्रत्येकाला सांगायचास, बायकोनं धीर दिला म्हणून. वहिनी चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापायची. माझ्याकडं बघायची बी न्हाई. मी तुझ्या नजरेला नजर देत नव्हतो. दोन वर्सांमागं वहिनीच्या मातीला आलो तवा लय वाटलं सांगावं. पर तुझं तोंड बघून धीर झाला न्हाई.

एका बोटानं मी तुझी अकरा वर्सं खाल्ली, धैर्या. जयराजचा बाप फोटूत ठेवला. तिचा शबूद पाळला म्हणून मी चांगला, का तुझा दोस्त आसून गप बसलो म्हणून वाईट, ह्याचा निकाल मला कवाच लावता आला न्हाई. तूच लाव.

पत्र आलं न्हाई तरी मी समजून जाईन.

शमशेर


गोडोली, सातारा
२८ एप्रिल २०२४

प्रिय शमशेर,

ईद मुबारक, उशिरानं. मेहरुनवहिनींनाही सांग.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला फार वाईट लिहिलं. पाकीट चिकटवून पेटीपर्यंत गेलो होतो. पेटीपुढं उभा राहिलो आणि घरी आलो. ते पत्र मी जाळलं. मग पाच आठवडे काही लिहिलं नाही, कारण पुढचं जे लिहायचं ते मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. राजेश्वरीलाही नाही.

तू म्हणतोस तू माझी अकरा वर्षं खाल्लीस. नाही रे.

कॅसेट माझ्या हातात पडली ती बर्फ वितळून वाट उघडल्यावर, टपालाच्या पहिल्या गाडीनं. त्याआधी पंधरा दिवस मी सही करून बसलो होतो. नोकरी वाढवून मिळावी म्हणून. साहेबांनी विचारलं होतं, "घरच्यांना विचारलंस?" मी म्हणालो, "विचारलं, साहेब." विचारलं नव्हतं. मला नायब सुभेदारीची फीत दिसत होती. गावात, मळ्यात, आईच्या दम्यात आणि भावकीच्या बांधावरच्या भांडणात परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिकडं बर्फ होता, पण तिकडं मी कुणीतरी होतो.

सही केली आणि झोप उडाली. तिला काय तोंड दाखवू? तेवढ्यात कॅसेट आली. "तुमी पुरी नोकरी करा." मला जे हवं होतं तेच वाक्य! मी ते झडप घालून घेतलं. सगळ्या पोस्टला ऐकवलं, ते तिच्या कौतुकापोटी नव्हे, शमशेर. माझ्या सहीवर तिचा अंगठा उठवून घेतला मी. मग दर सुट्टीला, दर माणसापुढं तेच. इतक्या वेळा सांगितलं की पुढं पुढं मलाच खरं वाटायला लागलं. गिरणी ऐकू न यायला कारण होतं बघ.

तिचं ते खरं बोलणं मला मिळालं असतं तर मी आलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारला. मला वाटतं, मी कॅसेट खिशात घालून ठेवली असती, दोन दिवस जेवलो नसतो आणि तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलो असतो. सही मागं घेता येत होती. मी घेतली नसती. म्हणजे तिनं पुसून घेतलं त्यानं माझं नुकसान झालं नाही. एक गोष्ट मात्र झाली. मी आलो नाही हे तिला खुपलंच असेल, पण मी तिचं ऐकून आलो नाही, हे तिला कधी बघावं लागलं नाही. तिचा तो शब्द तू पाळलास ते बरं केलंस. तुझ्यावर माझा काही ठपका नाही. आता ते ओझं खाली ठेव. बत्तीस वर्षं दुसऱ्याचं वाहिलंस.

पूजाला सगळं वाचून दाखवलं. तुझं पत्र, आणि मग माझी सही. म्हटलं घरातल्या एका बाईला तरी खरं कळू दे. ती ऐकत होती, हातात लाल पेन तसंच. जयराजचा करार जूनमध्ये संपतो, आणखी तीन वर्षांचा नवा कागद कंपनीनं दिला आहे, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "पूजा, तुझं काय म्हणणं आहे? तू त्याला काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"आणि खरं?"

ती वहीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ते विचारत नाहीत, म्हणून मी सांगत नाही. मी सांगत नाही, म्हणून ते विचारत नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली. सगळे दिवस मोजले तर आम्ही एका घरात पावणेदोन वर्षं राहिलोय."

मी म्हणालो, "फोन लाव. आत्ता. शुक्रवारची वाट बघू नको." आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मागं दार ओढून घेतलं. तिला म्हणालो, मी काही ऐकणार नाही. खरंच ऐकलं नाही. समोरचा लालासाहेब झाडांना पाणी घालत होता, त्याच्याशी उगाच उसाच्या दराचं बोलत बसलो. आतून एकदा तिचा आवाज वर गेला तेव्हा मी आणखी मोठ्यानं बोलायला लागलो. त्याला वाटलं म्हातारा तापला.

पाऊण तासानं दार उघडलं. चेहरा रडून सुजला होता, पण ताठ उभी होती. फोन पुढं करून म्हणाली, "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

मी फोन कानाला लावला. तिकडं कुठंतरी एसी चालल्याचा आवाज येत होता. मग जयराज म्हणाला, "बाबा, पूजा म्हणते तुम्हाला विचार. आईनं तुम्हाला कधी असं 'या' म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं," मी म्हणालो. "पण मी आधीच सही करून बसलो होतो."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोराजवळ बोललो. तो सदतीस-अडतीस वर्षांचा बाप्या, फोनवर हुंदका आला त्याला. म्हणाला, "मी अजून केलेली नाही, बाबा."

काय ठरेल ते त्या दोघांचं ठरेल. मी मध्ये पडणार नाही. तिकडचा पगार इकडं मिळणार नाही, हे पूजालाही ठाऊक आहे, आणि ती तशी बोललीही. कागद अजून त्याच्या टेबलावर आहे.

गुरुवारी सकाळच्या इस्लामपूर गाडीनं येतो. तुझ्याकडं दोन दिवस राहीन. काही वाजवायचं नाही, काही ऐकायचं नाही. वहिनींच्या हातचं जेवायचं आणि तुझ्या नजरेला नजर देऊन बसायचं.

तुझाच,
धैर्या